वाचनालयासाठी पुस्तकं सुचवताना कादंबरी एकटी द्यावी का?

गिरणाकाठ

आमच्या गावात (चाळीसगाव तालुका, गिरणेच्या काठी) अभ्यासिकेला लागून छोटं वाचनालय सुरू होतंय. पहिल्या खरेदीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे. अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी बसतात. शिवाय बचत गटातल्या बाया, निवृत्त गुरुजी आणि कापूस वेचून झाला की थोडी सवड मिळणारे माझ्यासारखे शेतकरी, असे वाचक येतील.

माझं मत असं आहे की कादंबरी सुचवायची तर तिच्या जोडीला त्याच विषयावरचं ललितेतर पुस्तक सुचवायचं आणि दोन्ही एकदमच घरी न्यायला द्यायची. आपल्याकडे कादंबरीचा नाद असलेला माणूस जन्मभर कादंबऱ्याच वाचतो. चरित्रं आणि इतिहास वाचणारा कादंबरीला हात लावत नाही. हे मोडायचं असेल तर ते पुस्तक सुचवणाऱ्यानेच मोडायला हवं.

पहिली जोडी: सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (2002) आणि महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (1883). 'बारोमास'मधला एकनाथ शिकलेला आहे. मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून तो घरी बसला आहे आणि शेती त्याला जगू देत नाही. बोली वऱ्हाडी आहे, पण बोदवड-मुक्ताईनगरच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही आणि आपल्यालाही चार पानांत कानात बसते. बापाचं, भावाचं, बायकोचं, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या त्याच्या जागी खरं वाटतं, आणि म्हणूनच त्या घरातलं भांडण वाचणं सहन होत नाही. कादंबरी संपली की वाचक सुन्न होतो आणि म्हणतो, शेतकऱ्याचं नशीबच असं. तिथे मला 'असूड' हवा आहे. फुले नशिबाचं नाव काढू देत नाहीत. सारा कोण वाढवतो, कचेरीत कागद कोण फिरवतो, सण आणि कर्मकांडात पैसा कुठे जातो, हे ते एकेक करून दाखवतात. पावसाचं पाणी शिवारात मुरावं म्हणून ताली-बंधारे घाला, जनावरांची पैदास सुधारा, चांगल्या शेतकऱ्याला बक्षिसं द्या, असे उपायही त्यात आहेत. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक. नव्या वाचकाला मी सांगेन की शेतकऱ्याच्या घरादाराचं वर्णन आहे ते प्रकरण आधी वाच, मग पहिल्या पानावर ये.

दुसरी जोडी: शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. दोन्ही पुस्तकं 1967 सालची. 'मृत्युंजय' न वाचलेलं वाचनप्रेमी घर आपल्याकडे शोधावं लागेल. पण कर्णावर बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना कर्ण सावंतांनी सांगितला तेवढाच माहीत असतो. इरावतीबाई मूळ महाभारताकडे जातात. वनवासातल्या पांडवांना डिवचायला कौरव गेले त्या घोषयात्रेत गंधर्वांपुढे कर्ण टिकला नाही, भर द्यूतसभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला ते बोलला, हे त्या झाकत नाहीत.

तिसरी: नेमाड्यांची 'हिंदू' (2010) आणि म. के. ढवळीकरांची 'महाराष्ट्राची कुळकथा'. 'हिंदू'चा खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून खानदेशातल्या आपल्या मोरगावात येतो, बाप मरणाच्या दारात असतो, आणि मग सगळं गाव, सगळ्या पिढ्या बोलायला लागतात. पुस्तक जाड आहे, आडवळणं फार आहेत, पण ती आडवळणं आपल्या घरातल्या बोलण्यासारखी आहेत. त्याच्या जोडीला पुरातत्त्ववाल्या माणसाने सोप्या मराठीत लिहिलेलं पुस्तक असावं. आमच्या तालुक्यातलं बहाळ आणि तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, दोन्हीकडे 1950च्या दशकात उत्खनन झालं, ताम्रपाषाण काळातली (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचे तेव्हाची) वस्ती सापडली. बहाळच्या टेकाडावरून रोज जाणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

कोणाचं वेगळं मत असेल तर स्पष्ट मांडा.

तापीथडी

भाऊ, पुस्तकं चांगली निवडलीत, पण जोडीची पद्धत मला अजिबात मान्य नाही. मी रावेरकडचा, वय झालेला वाचक आहे आणि 'मृत्युंजय'बद्दल बोलणारच.

कादंबरी वाचणारा माणूस काही काळ लेखकाच्या हवाली होतो. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापली बाजू सांगतात आणि आपण एकेकाच्या अंगात शिरून ऐकतो. त्याच पिशवीत तुम्ही 'युगान्त' टाकलंत तर वाचक पहिल्या पानापासून सावंतांकडे संशयाने बघणार, हे मुळात आहे का, ते पदरचं आहे का असं तपासत बसणार. सावंतांचा कर्ण सावंतांचा आहे. त्याने व्यासांशी जुळायलाच हवं असं कोण म्हणालं? संस्कृत नाटककार भासाने 'कर्णभार' लिहिलं तेव्हा त्यानेही आपला कर्ण उभा केलाच ना?

'बारोमास'चंही तेच. वाचक सुन्न होतो आणि ते तुम्हाला खटकतं. माझ्या मते ते सुन्न होणं हेच त्या कादंबरीचं काम आहे. त्याला दोन आठवडे तसंच राहू द्या. लगेच कारणं आणि उपाय हातात ठेवलेत की तो सुटका करून घेतो, एकनाथ त्याच्या मनातून उतरतो आणि एक प्रश्न म्हणून फाइलला लागतो.

आणि नेमाड्यांची 'कोसला' (1963) तुमच्या यादीत नाही, याचं कारण मला कळलं. तिला जोडी सापडली नसणार. आपल्या सांगवीचा पोरगा पुण्याला शिकायला जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वाचून झाल्यावर माणसाच्या हातात कोणतं ललितेतर पुस्तक देणार तुम्ही? ज्या पद्धतीमुळे खानदेशातल्या वाचनालयाच्या पहिल्या यादीतून 'कोसला' बाहेर राहते, ती पद्धतच चुकीची आहे.

गिरणाकाठ

नाना, 'कोसला' यादीत आहेच, वर फक्त तीन जोड्या लिहिल्या होत्या. तिच्यासोबत मी नेमाड्यांचंच समीक्षेचं पुस्तक 'टीकास्वयंवर' ठेवणार आहे. नेमाड्यांना साहित्य अकादमी मिळाली ती त्याच पुस्तकाला. लिहिणारा माणूस कादंबरीकडून काय मागतो हे त्यात त्याच्याच तोंडून कळतं.

कर्णाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. गावात कीर्तनाच्या मांडवाबाहेर, पारावर, कर्णाचं नाव घेऊन जातीवर वाद होतात, द्रौपदीबद्दल वाटेल ते बोललं जातं. त्या बोलण्याला आधार म्हणून कादंबरी पुढे केली जाते. 'युगान्त' वाचलेला एक माणूस तिथे बसला तरी बोलणं बदलतं. इरावतीबाई कर्णाचा द्वेष करत नाहीत. आपण कोण, हा प्रश्न त्याला आयुष्यभर कसा पोखरत राहिला हे त्यांनी फार समजून लिहिलं आहे. सावंतांवर प्रेम करणाऱ्यालाही ते प्रकरण आवडेल.

भरतीची तयारी

मी अशाच एका अभ्यासिकेत बसतो, शिरपूरला. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहिल्या खरेदीचा पैसा थोडा असतो. तो सगळा ललितेतरवर लावावा. आम्हाला इतिहास, राज्यघटना, शेती, पाणी, अर्थव्यवस्था यावर मराठीत नीट लिहिलेली पुस्तकं मिळत नाहीत, गाईडं मिळतात. गाईडात फुल्यांवर चार ओळी असतात आणि 'असूड' कोणत्या साली लिहिला एवढंच पाठ करावं लागतं. मूळ पुस्तक कपाटात असेल तर मी वाचेन. कादंबरी वाचायला आज माझ्याकडे वेळ नाही, घरचे दर महिन्याला विचारतात जाहिरात निघाली का म्हणून. मना मोठा भाऊ म्हनस, "कादंबरी वाचीसन काय भेटस?" त्याचं मला पूर्ण पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावं तेही सुचत नाही.

शिक्षिका, अमळनेर

दादा, तुमच्या भावाला उत्तर 'बारोमास'मध्ये आहे. एकनाथचे घरचेही तेच विचारतात. ते पुस्तक भावाच्याच हातात द्या, तुम्ही नंतर वाचा.

आता धागाकर्त्यांना. मी गावातल्या बायकांचं वाचन बरीच वर्षं जवळून बघते आहे, त्यावरून सांगते, दोन पुस्तकं एकदम घरी न्यायची पद्धत बायकांसाठी चालणार नाही. स्वयंपाक, गुरं, शेतातली निंदणी, मग रात्री उरलेला अर्धा तास. त्यात एक पुस्तक पंधरा दिवसांत होत नाही. दोन पिशवीत असली की न वाचलेलं दुसरं पुस्तक परत करताना बाई ओशाळते आणि पुढच्या वेळी येतच नाही. हे मी पाहिलेलं आहे.

दुसरं, ललित आणि ललितेतर अशी भिंत तुम्ही धरून चाललात, पण आपल्या भाषेतली किती चांगली पुस्तकं त्या भिंतीवरच बसलेली आहेत! लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कुठे ठेवाल? 1934 पासून चार भागांत आलेलं आत्मचरित्र, पण वाचायला घेतलं की कादंबरी मागे पडते. नवरा ख्रिस्ती झाला, घर दुभंगलं, सोवळंओवळं एकेक करून सुटलं, आणि हे सगळं लक्ष्मीबाई कुठेही कडू न होता, हसत सांगतात. औपचारिक शिक्षण नसलेल्या बाईने हे लिहिलं, हे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते. दया पवारांचं 'बलुतं' (1978) घ्या. आत्मकथन आहे, पण त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. स्वतःचीच दोन माणसं करून लेखकाने ते दुःख पेललं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' (1949) तशीच. ती व्यक्तिचित्रं कोणी कथा म्हणून वाचतं, कोणी खरी माणसं म्हणून. ती आवडली की 'बनगरवाडी' आपोआप मागितली जाते, जोडी लावावी लागत नाही.

मी सुरुवात बहिणाबाईंपासून करते. 1880 साली असोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली बाई, आणि गाणी पुस्तकरूपात आली ती तिच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये. बायकांना त्यातली कितीतरी पाठ असतात, पण छापलेलं पुस्तक हातात घेतलेलं नसतं. आपल्याला आधीच येतं ते पुस्तकात सापडलं की बाई पुढचं पुस्तक मागते.

अक्राणी

सगळ्यांचं वाचलं. फुले, नेमाडे, सावंत, माडगूळकर, टिळक. तापीच्या उत्तरेला सातपुड्यात माणसं राहतात, त्यांचं एकही पुस्तक अजून कोणाच्या बोलण्यात आलेलं नाही. खानदेश म्हटला की जळगावची केळी आणि धुळ्याचा इतिहास, एवढ्यावर यादी थांबते याचं मला वाईट वाटतं.

वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (1987) हा कवितासंग्रह घ्या. शहाद्याकडच्या चळवळीतला भिल्ल कवी. त्यांची 'स्टेज' ही कविता मी शाळेतल्या पोरांना वाचून दाखवतो. आमचं दुःख दुसरेच स्टेजवर बसून आम्हाला सांगतात आणि आम्ही खाली बसून ऐकतो, असं ती सांगते. तुमची जोडीची पद्धत मी त्या कवितेच्या बाजूने तपासली. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (1991) धरणग्रस्तांवरची जबरदस्त कादंबरी आहे. तिच्या जोडीला गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (1970) ठेवलंत, वारल्यांच्या लढ्याबद्दलचं, तर ललित-ललितेतरचा हिशेब पूर्ण होतो. दोन्ही पुस्तकं मी मनापासून मानतो. गोदूताई तर त्या माणसांत राहिल्या, भाकरी वाटून खाल्ली. तरी ज्याचं गाव बुडालं किंवा ज्याची जमीन गेली तो स्वतः या जोडीत कुठे बोलतो? सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली. त्या गावांतली पोरं आता वसाहतींत राहून शिकतात, वाचतात.

म्हणून मी म्हणेन, जोडी लावायचीच तर एक पुस्तक आतल्याने लिहिलेलं असावं, एक बाहेरून बघणाऱ्याने. मग त्यातली कादंबरी कोणती आणि चरित्र कोणतं, कविता चालते की नाही, याची चिंता करू नका.

तापीथडी

अक्राणीकर, तुमचं म्हणणं मला जोडीवाल्यांपेक्षा जास्त पटतं, पण कविता जोडीत अडकवू नका. 'गोधड' एकटंच द्या. त्याला आधार म्हणून कोणाचं पुस्तक कशाला लागतं?

ताई, विनोबांची 'गीता प्रवचने' विसरलात. अमळनेरच्या माणसाने तरी विसरू नये. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. समोर कैदी बसलेले होते, त्यामुळे भाषा घरातली आहे. आमच्या पिढीत किती जणांनी गद्य वाचायची सुरुवात तिथून केली!

शिक्षिका, अमळनेर

नाना, विसरले नाही, ते आमच्याकडे घरोघरी असतं म्हणून खरेदीच्या यादीत धरलं नाही. पैसा नव्या पुस्तकांना लागू दे.

गिरणाकाठ

'गोधड' पहिल्याच खरेदीत घेतो. आतला आणि बाहेरचा ही कसोटी मी 'बारोमास' आणि 'असूड' या जोडीला लावून बघितली. देशमुख शेतकऱ्याच्या घरातूनच लिहितात. फुले माळी कुटुंबातले, पण शहरात वाढलेले, कंत्राटं घेणारे. तरी शेतकऱ्याच्या घरात ते आतल्यासारखे शिरतात. म्हणजे कसोटी उपयोगाची आहे, पण तिने सगळं ठरत नाही.

दोन पुस्तकं एकदम द्यायचा आग्रह बायकांसाठी सोडतो, ताई. नोंदवहीत मात्र जोडी लिहून ठेवणार. पहिलं पुस्तक परत आलं की देणाऱ्याने दुसऱ्याचं नाव काढायचंच, घ्यायचं की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं. शिरपूरच्या भावासाठी 'असूड' आधी आणि 'बारोमास' नंतर, असा उलटा क्रमही चालेल.

तापीथडी

नाव काढायला माझी हरकत नाही. पण 'मृत्युंजय' परत देताना पोराचे डोळे भरलेले असतील, तर त्या दिवशी 'युगान्त'चं नाव काढू नका. पुढच्या खेपेला काढा.

गिरणाकाठ

त्याच दिवशी काढणार, नाना. डोळे भरलेले असतात तेव्हाच माणूस पुढचं ऐकून घेतो. परीक्षेचे निकाल लागून पोरं पांगली की मग कोण येतंय विचारायला.