‘शेवटी जेपीईजीच जातो ना?’ नाही, जात नाही

शनिवारातला डीटीपीवाला
परवा इथे एकाने लिहिलं होतं की कोरल (रेघ आणि अक्षरं आखायचं सॉफ्टवेअर) शिकण्यात वेळ घालवू नका, पत्रिका, लोगो, बॅनर सगळं फोटोशॉपात (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरात) होतं, शेवटी प्रेसला जेपीईजीच, म्हणजे ठिपक्यांचं सपाट चित्रच, जातो. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवेना.

19 वर्षं पुण्याच्या शनिवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळात डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर लावायचं काम, करतोय. जेपीईजी जातो तो तुम्ही पाठवता म्हणून, प्रेसला हवा असतो म्हणून नाही. गेल्या लग्नसराईत एक पोरगा 500 पत्रिकांचं काम घेऊन आला. सगळी पत्रिका फोटोशॉपात, आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत), गणपतीपासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत सगळं एकात एक चिकटवून एकच जेपीईजी. स्क्रीनवर झक्क दिसत होती. त्याला म्हटलं, अरे हा काळा बघ, आरजीबीतला काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, टाकलास की स्वॉप या छपाईच्या नेहमीच्या सेटिंगला सायन 75, मजेंटा 68, यलो 67, ब्लॅक 90 असा चार शायांचा होतो. 8 पॉइंटची वेलांटी चार शायांच्या चार प्लेटांवर फुटली, त्यातली एक प्लेट केसभर सरकली की प्रत्येक अक्षराला लाल-निळी कड येणारच. त्याला घाई होती, दुसरीकडे छापून घेतल्या. निमंत्रकांची नावं वाचता येईनात. मुलीचे वडील तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले, आणि मी रात्री बसून सगळा मजकूर परत टाइप केला.

फोटो फोटोशॉपात साफ करा, छापायच्या मापाला 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) ठेवा, सीएमवायके करा, टिफ फाइल घेऊन कोरलात या. अक्षर आणि रेघ कोरलातच, काळा मजकूर फक्त ब्लॅक 100, सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ. यात काय अवघड आहे मला कळत नाही.

पिक्सेलकर
तो परवाचा मीच. काका, तुमच्या गोष्टीत चूक त्या पोराची आहे, फोटोशॉपची नाही. डॉक्युमेंट पहिल्यापासून सीएमवायके घेतलं, मजकुराला ब्लॅक 100 दिला आणि लेअर फ्लॅटन न करता (थर एकात एक न चिकटवता) फोटोशॉप पीडीएफ केली तर अक्षरं व्हेक्टरच, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचीच, राहतात, कितीही झूम करा. त्याने जेपीईजी केला तिथे वाट लागली.

आणि कोरलचं कौतुक पुरे करा. इलस्ट्रेटरमधून (तेही कोरलसारखंच व्हेक्टरचं सॉफ्टवेअर) लोगो कॉपी करून फोटोशॉपात पेस्ट करा, स्मार्ट ऑब्जेक्ट निवडा, नंतर त्यावर डबल क्लिक केलं की परत इलस्ट्रेटरमध्ये उघडतो, दुरुस्त करून सेव्ह केला की इकडे आपोआप बदलतो. फोटोशॉपच्या सीएस टू आवृत्तीपासून, म्हणजे 2005 पासून आहे हे. कोरलातून माझ्याकडे लोगो येतो तो दरवेळी पिक्सेल होऊन येतो. सावली दिलेली असली की भोवती पांढरा चौकोन, ईपीएस या जुन्या फाइल प्रकारात पारदर्शकता बसतच नाही तरी तुमचे लोक अजून ईपीएसच पाठवतात. माझे तीन रविवार त्या चौकोनांत गेलेत.

फ्लेक्सवाला हडपसर
दोघं पत्रिकेवरच भांडताय. माझ्याकडे 10 बाय 20 फुटी बोर्ड असतो, 72 डीपीआयला 8640 बाय 17280 पिक्सेल होतात, फोटोशॉपात आरामात बसतो आणि आमच्या मशीनला टिफ किंवा जेपीईजीच लागतो. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला कड दिसत नाही. पण गणपतीत मंडळाचे कार्यकर्ते व्हॉट्सॲपवर आलेला 40 केबीचा लोगो देतात आणि म्हणतात मोठा कर, तेव्हा मीही कोरलात बसून ट्रेस करतो, म्हणजे आकार वरून परत आखतो, ऑटो ट्रेस नाही, हाताने, कारण ऑटोमध्ये सोंडेला दात फुटतात. तेव्हा काकांचं लोगोपुरतं मान्य. बोर्डाचं नाही.

मुद्रितशोधक, कोथरूड
‘सगळं कर्व्ह करून’ हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की मला बोलावंच लागेल. शेवटच्या प्रुफात ‘आर्शिवाद’ दिसला, म्हटलं ‘आशीर्वाद’ करा, तर उत्तर आलं, मॅडम फाइल कर्व्ह झालीय. मग दुसऱ्या शब्दातला रफार कापून आणून चिकटवला, तो अर्धा शिरोरेघेच्या वर तरंगत होता. तसंच छापलं.

आणि ते जुने फॉन्ट! वडिलांच्या कवितांचं 112 पानांचं पुस्तक आम्ही पेठेतल्या एका डीटीपीवाल्याकडून लावून घेतलं होतं. ते दुकान बंद झालं. फाइल आहे माझ्याकडे, उघडते पण, पण तो फॉन्ट नाही, त्यामुळे ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. फोटोशॉपात नेलं, कोरलात नेलं, तेच. प्रत्येक फॉन्टची कोडं वेगळी, कन्व्हर्टर लावला तर जोडाक्षरं भलतीच. वडील गेल्यावर दुसरी आवृत्ती काढायची होती, तीन महिने मी पुस्तक समोर ठेवून अक्षर न् अक्षर टाइप केलं. यूनिकोडात, म्हणजे सगळ्या फॉन्टांना चालणाऱ्या एकाच कोडात, लावलं असतं तर ही वेळच आली नसती.

शनिवारातला डीटीपीवाला
ताई, वडिलांच्या पुस्तकाचं वाचून वाईट वाटलं. पण यूनिकोड यूनिकोड करणाऱ्यांनी तेव्हाची कामं केलेली नाहीत. यूनिकोड मजकूर फोटोशॉपात टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, ‘क्ष’ चे दोन तुकडे. कोरलात तर एक्स सिक्स आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे 2012 पर्यंत, ओपनटाइपची (जोडाक्षरं आपोआप जुळवणाऱ्या फॉन्टांची) बोंबच होती. गिऱ्हाइकाला सकाळी पत्रिका हवी, मी काय त्याला सांगू, थांबा, सॉफ्टवेअर सुधारू दे? त्या जुन्या फॉन्टांनी या शहरातल्या निम्म्या पत्रिका छापल्यात. त्यांना कचरा म्हणू नका.

मुद्रितशोधक, कोथरूड
कचरा फाइलीत दिसला त्याला म्हटलं, तुमच्या कामाला नाही. नीट वाचा. 2012 पर्यंत नाइलाज होता हे धरून चालू. आज काय अडचण आहे ते सांगा. मागच्याच महिन्यात एका स्मरणिकेची फाइल त्याच जुन्या फॉन्टात आली माझ्याकडे.

पिक्सेलकर
फोटोशॉपात वेलांटी मागे जाते त्याचा उपाय केव्हाचा आहे, प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथे मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडायचं, नवीन आवृत्तीत परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी लेआउट. सवय सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअरला नावं ठेवताय.

शनिवारातला डीटीपीवाला
सवय? माझे हात त्या कीबोर्डवर बसलेत, मिनिटाला 45 शब्द जातात. तू बाहेरून टाइप करून आणतोस, पेस्ट करतोस आणि सेटिंग सांगतोस. पत्रिकेच्या अक्षराला जे वळण लागतं ते तुझ्या फुकट फॉन्टांत दाखव मला.

पिक्सेलकर
‘मुक्त’ फॉन्ट बघा, ‘बालू’ बघा. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे आहेत, फुकट आहेत, वजनं (अक्षराच्या जाड-बारीक आवृत्त्या) पण पाच-सात मिळतात. वापरून बघायच्या आधीच बोलताय.

फ्लेक्सवाला हडपसर
बालू मी बोर्डाला वापरतो, छान जाडजूड आहे, लांबून वाचता येतो. पत्रिकेला नाही शोभणार, काकांचं बरोबर आहे. मूळ विषय कुठे राहिला पण?

मुद्रितशोधक, कोथरूड
हाच मूळ विषय आहे. चित्र एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात नेलं तर कड बिघडते, मराठी मजकूर नेला तर मजकूरच मरतो. पिक्सेल करा नाहीतर कर्व्ह करा, दोन्हीकडे शब्द संपला आणि नुसता आकार उरला. प्रेसला कर्व्ह द्या, मी अडवत नाही. पण त्याआधीची उघडी फाइल जपून ठेवा आणि गिऱ्हाइकाला मागितली तर द्या. मला कोणी दिली नाही.

पिक्सेलकर
हे बरोबर आहे. माझ्या पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या मूळ फाइलीत, मजकूर उघडा असतो, पण गिऱ्हाइकाला मीही जेपीईजीच देतो, ते चुकतंय. आणि पत्रिकेचा बारीक मजकूर फोटोशॉपात करू नका हे काकांचं म्हणणं, ठीक आहे, 8 पॉइंटला मान्य. लोगोला मी इलस्ट्रेटरच वापरणार, कोरल नाही.

शनिवारातला डीटीपीवाला
इलस्ट्रेटर वापर, व्हेक्टर आहे म्हटल्यावर माझं भांडण नाही. ताई, 2009 पासूनच्या कोरल फाइली आहेत माझ्याकडे, कर्व्ह न केलेल्याही आहेत, हार्ड डिस्कवर सालवार. फॉन्टही आहेत सगळे. तुमची ती 112 पानांची फाइल कुठल्या फॉन्टात आहे ते बघून सांगा, माझ्याकडे असेल तर निदान मूळ मांडणी तरी उघडून देईन, पैसे नकोत. आणि ती स्मरणिका ज्याने लावलीय त्याला माझ्याकडे पाठवा.

मुद्रितशोधक, कोथरूड
फॉन्टच्या नावात नुसते आकडे आहेत. आज घरी गेल्यावर बघून लिहिते.