क्लबच्या एलएस-४ ग्लायडरमध्ये मोठा नकाशा-संगणक बसवावा का?

घारपंख
नमस्कार मंडळी. मी जर्मनीतल्या एका लहान क्लबात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवतो. आमच्या एलएस-४ चं पॅनेल या हिवाळ्यात उघडायचं ठरलंय, आणि त्यावरून क्लबात सरळ दोन तट पडलेत. आत्ता त्यात वेगमापक, उंचीमापक, सुईचा व्हेरिओ (आपण किती वेगाने चढतोय-उतरतोय ते दाखवणारं यंत्र), आवाज देणारा एक जुना इलेक्ट्रिक व्हेरिओ, फ्लार्म (जवळ येणाऱ्या ग्लायडरांची सूचना देणारं यंत्र) आणि रेडिओ आहे. नकाशासाठी ज्याचा त्याचा फोन, त्यावर एक्ससीसोअर हे ग्लायडिंगचं नकाशा-ॲप.

एका तटाला एलएक्स ९००० सारखा मोठ्या पडद्याचा संगणक हवाय : नकाशा, व्हेरिओ, वारा, परतीचा हिशोब, फ्लार्मचं चित्र, सगळं एकाच जागी. दुसरा तट म्हणतो, पॅनेलच्या ५७ मिलीमीटरच्या भोकात बसणारा एक चांगला डिजिटल व्हेरिओ घ्या आणि नकाशाला फोन आहेच.

मी पहिल्या तटात आहे, आणि त्याला कारण आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी कॅनोपीखालच्या (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाखालच्या) उन्हात फोन तापून बंद पडला. समोर नियंत्रित हवाई हद्द होती, जिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि तिची कड नेमकी कुठे आहे ते मला कळेना. चांगला थर्मल (वर चढणारी गरम हवा) सोडून मी मागे वळलो आणि शेवटी एका शेतात उतरलो. ग्लायडरला ओरखडाही आला नाही. पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. ज्याच्यावर भिस्त ठेवायची ते यंत्र पॅनेलमध्ये पक्कं बसवलेलं असावं, असं माझं ठाम मत झालंय.

हडपसरी
शेतात उतरायचा निर्णय वेळेवर घेतलात, त्याबद्दल आधी शाबासकी. पण निष्कर्षाशी मी असहमत आहे.

मी हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग सेंटरवर शिकलो. विंचने (दोर गुंडाळून ग्लायडर वर ओढणाऱ्या यंत्राने) वर जायचं, दोर सुटला की घारी कुठे घिरट्या घालतायत ते बघायचं आणि व्हेरिओचा आवाज ऐकायचा. तिथे आम्ही मैदानापासून फार लांब जातच नव्हतो, त्यामुळे तुमचं क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उडणं, वेगळं हे मान्य. तरी एक गोष्ट सगळीकडे तीच : एका थर्मलमध्ये पाच ग्लायडर एकाच दिशेने फिरत असताना तुमचे डोळे बाहेरच हवेत. मोठा पडदा म्हटलं की त्यात बघायला काहीतरी सापडतंच. झूम करा, पान बदला, वळणबिंदू बदला. तेवढ्यात चार सेकंद जातात. ताशी १०० किलोमीटर वेगाने चार सेकंद म्हणजे ११० मीटर, आणि समोरचाही तुमच्याकडेच येत असेल तर त्याच्या दुप्पट.

परतीच्या हिशोबाला संगणक लागतोच असंही नाही. एलएस-४ कागदावर सुमारे ४० ला १ जातं, म्हणजे १ मीटर उंची गमावून ४० मीटर पुढे. त्याचं निम्मं धरा, म्हणजे १००० मीटर उंचीत २० किलोमीटर. वर सर्किटसाठी, म्हणजे उतरण्याआधीच्या मैदानाभोवतीच्या फेरीसाठी, २०० मीटर. मैदान २४ किलोमीटरवर असेल तर १४०० मीटर हवेत. मान खाली न घालता होणारा हिशोब आहे हा.

उत्तरवारा
काका, आदर ठेवून सांगतो, पण या नियमाची किंमतही मोजायला हवी. मी इंग्लंडच्या दक्षिणेला उडवतो.

तुमचंच उदाहरण घेऊ. हवेतला वेग ताशी १०० किलोमीटर, सिंक (खाली येण्याचा वेग) सेकंदाला ०.७ मीटर : झाले ४० ला १. समोरून २५ किलोमीटरचा वारा असला तर जमिनीवरचा वेग ७५, म्हणजे ३० ला १. त्या हिशोबाने २४ किलोमीटरला ८०० मीटर लागतात, २०० राखीव धरून १०००. तुमचा नियम १४०० मागतो. ते जादा ४०० मीटर मिळवायला मला संध्याकाळच्या मरगळलेल्या थर्मलमध्ये पाच-सात मिनिटं घिरट्या घालाव्या लागतील, आणि कधीकधी तो थर्मल सापडतच नाही. म्हणजे जो घरी पोचला असता तो शेतात उतरतो. शेतात उतरण्यातही धोका असतोच की.

शिवाय आमच्याकडे हवाई हद्दी एकीवर एक अशा रचलेल्या आहेत. कागदी नकाशा मांडीवर घेऊन त्यांच्या कडा शोधायला लागलो तर मान पडद्यापेक्षा जास्त वेळ खाली राहते.

हडपसरी
गणित बरोबर आहे. पण त्या २५ किलोमीटरच्या वाऱ्याचं काय? संगणकाने तो काढला तुम्ही शेवटचं जिथे घिरट्या घातल्या तिथे, त्या उंचीवर. खाली ५०० मीटरवर, टेकडीच्या आडोशाला वारा तोच असेल याची हमी कोण देणार? पंखांवर किडे चिकटलेले, वाटेत बुडती हवा, आणि कोणीतरी मागच्या आठवड्यात दुसऱ्याच ग्लायडरचा पोलर (कुठल्या वेगाला किती सिंक त्याचा तक्ता) संगणकात निवडून ठेवलेला. क्लबच्या ग्लायडरमध्ये हे होतंच. पडद्यावर मात्र आकडा एकदम ठसठशीत : मैदानावर अधिक १९०, म्हणजे १९० मीटर उंची शिल्लक ठेवून पोचाल. माणूस त्या आकड्यावर विश्वास टाकतो. माझे ४०० मीटर या सगळ्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आहेत.

उत्तरवारा
पोलरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. उड्डाणाआधीच्या तपासणीत पोलर आणि मॅकक्रेडीचा आकडा (पुढचा थर्मल किती जोराचा धरलाय तो) वाचणं आम्ही घातलंय. बाकी मतभेद कायम.

तारयंत्री
मी ग्लायडरच्या वायरिंगची कामं करतो. दोन्ही बाजू पडद्यावर भांडताहेत, पण मी जी बिघडलेली पॅनेलं उघडतो त्यात पडदा क्वचितच दोषी असतो.

घारपंख, आधी वीज मोजा. तुमच्याकडे बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असेल. ढोबळ धरा : रेडिओ नुसता ऐकताना ०.२ अँपिअर, व्हेरिओ आणि फ्लार्म मिळून ०.२५, मोठा पडदा ०.५, ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र) असला तर ०.४. झाले १.३५. जुनी बॅटरी, वरची थंडी, हातात येतात पाचच अँपिअर-तास. म्हणजे पावणेचार तासही नाहीत. ३०० किलोमीटरच्या उड्डाणात शेवटच्या टप्प्यावर, नेमका गरजेच्या वेळी, सगळा पडदा काळा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत तर क्षमता चांगली मिळते, पण तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. तेव्हा व्होल्ट बघून "अजून आहे" म्हणू नका. शून्याखालच्या तापमानात ती चार्जही करू नका. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

मग नळ्या. टोटल एनर्जीच्या नळीला (दांड्याच्या हालचालीमुळे दिसणारा खोटा चढ-उतार व्हेरिओतून वगळणारी हवेची नळी) फाटा फोडून दोन व्हेरिओ जोडले आणि एक जोड किंचित गळाला, की दोन्ही खोटं बोलतात. नियंत्रणाचा दांडा ओढला की सुईवर चढ, ढकलला की उतार. पायलट महिनाभर थर्मलला दोष देत राहतो. नवा कितीही महागाचा व्हेरिओ घ्या, गळकी नळी त्याला तितकंच फसवते. पॅनेल उघडलंच आहे तर सगळ्या नळ्या बदला. तो खर्च किरकोळ आहे.

फोन तापतो हे खरं. पण स्वस्त यूएसबी चार्जर रेडिओत खरखर घालतो हेही खरं. नकाशाला ई-इंकचा कोबो (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) वापरून बघा : उन्हात उत्तम दिसतो, वीज नगण्य खातो, एक्ससीसोअर त्यावर चालतं. त्याला माहिती फ्लार्मच्या तारेतून द्या. फ्लार्म हवेच्या दाबावरून काढलेली उंचीही पाठवतो, आणि हवाई हद्दींच्या बऱ्याच मर्यादा दाबाच्या उंचीतच असतात. उन्हाळ्यात जीपीएसची उंची त्याहून जास्त दिसते. दोन्ही बाजूंचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) मात्र जुळवा, निम्म्या "बिघाडां"चं मूळ तिथेच असतं. फ्लार्मचा अँटेना उभा बसवा, धातूपासून लांब. एलएस-४ काचतंतूचं आहे म्हणून सोपं, कार्बनच्या कॉकपिटमध्ये हाच अँटेना अर्धा आंधळा होतो.

घारपंख
तारयंत्री, तुमचा विजेचा हिशोब वाचून काल बॅटरी मोजली. पूर्ण चार्ज करून एक अँपिअरचा भार लावला, सव्वाचार तासांत संपली. म्हणजे याच बॅटरीवर मोठा पडदा लावला असता तर किती काठावर उडलो असतो!

माझं मत थोडं सरकलंय. ९००० चा आग्रह सोडला. ५७ चा व्हेरिओ, पक्क्या कंसात कोबो, दोन बॅटऱ्या आणि मधे खटका, नळ्या सगळ्या नव्या. सुईचा व्हेरिओ त्याच्या स्वतःच्या हवेच्या बाटलीसकट राहणार, वीज गेली तरी तो चालतो. पण काका, निम्म्याचा नियम मी एकटा उडताना पाळेन, स्पर्धेत नाही.

हडपसरी
स्पर्धेतच जास्त पाळा. तिथे त्याच मैदानाकडे आणखी तीस जण बुडत येत असतात.

उत्तरवारा
यावर आपलं एकमत व्हायचं नाही. घारपंख, कोबो कुठे बसवणार? दांडा पूर्ण पुढे नेल्यावर हात लागेल का?

घारपंख
शनिवारी पुठ्ठ्याचं पॅनेल कापून बसवतोय, भोकं मारण्याआधी.

तारयंत्री
पॅराशूट घालून आणि पट्टे आवळून बसा. त्याशिवाय हात कुठवर पोचतो ते कळत नाही. आणि क्लबातल्या सर्वांत बुटक्या माणसालाही बसवा.