शब्दचर्चा: पोडियमवर शॅम्पेन शिंपडतात, फवारतात, फोडतात की उडवतात?

लोअरपरळ_डेस्क
मंडळी, क्रीडा पानावर काम करणाऱ्यांच्या एका जुन्या दुखण्यावर धागा काढतोय. फॉर्म्युला वनची शर्यत संपली की येणारा फोटो ठरलेला असतो. पोडियमवर, म्हणजे विजेत्यांच्या चौथऱ्यावर, पहिले तिघं, हातात भल्यामोठ्या बाटल्या आणि सगळीकडे फेस. पान सोडायची घाई, फोटोओळ लिहायची आणि क्रियापद सुचत नाही. आमच्याकडे आजवर हे सगळं छापून आलंय: शॅम्पेन शिंपडली, शॅम्पेन फवारली, शॅम्पेन फोडली, शॅम्पेनचा वर्षाव केला. एका उत्साही वार्ताहराने 'शॅम्पेनचा अभिषेक' पाठवला होता, तो मी छाटला.

माझं मत आधीच सांगतो. 'शिंपडणे' साफ चूक. शिंपडतात ते गोमूत्र, गंगाजल, फार तर इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी. बोटं बुडवायची आणि झटकायची, याला शिंपडणं म्हणतात. पोडियमवरची मोठी बाटली जेरोबोम असते, म्हणजे तीन लिटरची. तीन लिटर कोण शिंपडतं? पण मग बरोबर काय? 'पोडियम'ला मराठी शब्द सुचला तर तोही सांगा.

चर्नीरोड_पूर्व
उडवणे. संपला विषय. 'ए, पाणी उडवू नकोस' हे आपण चाळीच्या नळावर ऐकत वाढलो. जोर आहे, खोडी आहे, समोरचा भिजतो. अजून काय पाहिजे?

शुद्धलेखन_चिकट
एवढ्यात संपत नाही. 'काल पोरांनी दोन बाटल्या उडवल्या' या वाक्यात कोणी भिजलं का? नाही, प्यायले. पगार उडवतात, वडिलांची इस्टेट उडवतात. 'विजेत्यांनी शॅम्पेन उडवली' हे वाचून निम्मे वाचक म्हणतील, बरं, मग घरी कसे गेले? 'उडवणे' हवं असेल तर 'अंगावर' किंवा 'एकमेकांवर' हे शब्द सोबत घ्यावेच लागतील.

माझगाव_अंजीरवाडी
'फोडणे'ची बाजू मांडते. बिअर फोडतात, गोटीसोडा फोडतात. काच फुटते का? नाही. सील फोडणं एवढाच अर्थ. त्यामुळे 'शॅम्पेन फोडली' हे मुंबईच्या बोलीत अगदी बरोबर आहे. मात्र त्यात फक्त बाटली उघडल्याचं कळतं, पुढे काय झालं ते कळत नाही.

अवांतर: बाटली खरोखर फोडायची पद्धतही आहे, ती जहाजांची. युरोपात जहाज पाण्यात सोडताना शॅम्पेनची बाटली नाळेवर आपटून फोडतात. आमच्या माझगाव डॉकला युद्धनौकेच्या जलावतरणाला नारळ फोडतात. तिथे दोन्हीकडे क्रियापद एकच आणि दोन्हीकडे अक्षरशः खरं!

पिटलेन_कट्टा
थोडा इतिहास सांगतो, कारण हे सुरू कसं झालं ते कळलं की क्रियापद सापडेल.

१९५० साली फ्रेंच ग्रां प्री (फॉर्म्युला वनच्या शर्यतींपैकी एक) रँसला झाली. रँस हे शॅम्पेन प्रांतातलंच शहर. फान्जिओ हा चालक जिंकला आणि त्या प्रांतातल्या मोएत ए शाँदाँ या पेढीकडून त्याला बाटली भेट मिळाली. नुसती मिळाली. कोणाच्या अंगावर थेंब पडला नाही. आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात तसं.

१९६६, ल मान्सची २४ तासांची शर्यत. जो सिफर्ट हा स्विस चालक पोर्शे चालवत होता. एकूण क्रमवारीत त्याची गाडी चौथी आली, पण इंजिनाच्या क्षमतेच्या मानाने केलेल्या कामगिरीचं वेगळं बक्षीस तिला मिळालं. बाटली उन्हात तापलेली होती. बूच आपसूक उडालं आणि फेस लोकांच्या अंगावर गेला. त्याच्या मनात तसं काही नव्हतं.

१९६७, पुन्हा ल मान्स. डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी फोर्ड जीटी ४० मार्क फोरमधून शर्यत जिंकली. दोघंही अमेरिकन, गाडी अमेरिकन, संघही अमेरिकन. हे दोघं आपसातच चढाओढ करून गाडी मोडणार, असं भाकीत पत्रकारांनी आधीच करून ठेवलं होतं. जिंकल्यावर गर्नीच्या हातात मोठी बाटली आली आणि समोर हेन्री फोर्ड दुसरे, संघाचा प्रमुख कॅरल शेल्बी आणि छायाचित्रकार उभे. त्याने बाटली हलवली आणि सगळ्यांच्या अंगावर शॅम्पेन उडवली. कंपनीच्या मालकालाच! हे मात्र जाणूनबुजून. लगेच पुढच्या रविवारी तो स्वतःच्या ईगल गाडीतून बेल्जियन ग्रां प्रीसुद्धा जिंकला.

त्या बाटलीचं पुढे काय झालं तेही भारी आहे. गर्नीने तिच्यावर सही करून ती 'लाइफ' मासिकाचा छायाचित्रकार फ्लिप शुल्के याला देऊन टाकली. शुल्केने तिचा घरात दिवा करून ठेवला होता. बऱ्याच वर्षांनी ती गर्नीकडे परत आली.

शुद्धलेखन_चिकट
पिटलेन, तुमच्या तीन परिच्छेदांत क्रियापदं आपोआप आली आहेत, तुमचं लक्ष नसेल. १९५० ला 'मिळाली', १९६६ ला 'उडालं', १९६७ ला 'उडवली'. सिफर्टचं 'उडणे' अकर्मक, कर्ता बूच. गर्नीचं 'उडवणे' प्रयोजक, कर्ता माणूस. प्रथा जन्मली ती या दोघांच्या मधल्या वर्षात. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद चालून जातं, आपल्याकडे 'उडणे' आणि 'उडवणे' ही जोडी तयारच आहे. मघाशी मी 'उडवणे'वर आक्षेप घेतला तो उधळपट्टीच्या अर्थासाठी. 'अंगावर उडवली' लिहिलंत तर माझा आक्षेप नाही.

चर्नीरोड_पूर्व
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. बिल कोणाच्या नावावर फाडू? ;)

केमिस्ट्री_दादर
सिफर्टची बाटली उन्हात का उडाली ते सांगतो, म्हणजे 'फवारणे' का नको तेही कळेल. बंद बाटलीत साधारण पाच ते सहा वातावरणांचा दाब असतो, आपल्या गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून बुचावर तारेची जाळी असते. द्रव तापला की कार्बन डायऑक्साइड त्यात कमी विरघळतो, वायू बाहेर यायला बघतो आणि दाब वाढतो. बाटली हलवली की द्रवात बारीक बुडबुडे मिसळतात आणि तोंड उघडताच त्या प्रत्येकाभोवती आणखी वायू सुटतो.

आता पोडियमवरचा फोटो नीट बघा. बाटली उघडल्यावर चालक अंगठा तोंडावर दाबतो, पूर्ण नाही, एक फट ठेवतो. हलवतो आणि अंगठा किंचित सरकवतो. नुसती उपडी केलेली बाटली भदाभदा ओतली जाते. अंगठ्यामुळे तिची बारीक, लांब आणि नेम धरता येईल अशी धार होते. फवारणीत बारीक तुषार पसरतात: पिकावर औषध, पावसाळ्यात पालिकेची धूरफवारणी. 'हॅमिल्टनने फवारणी केली' म्हटलं की मला डासच आठवतात. मात्र 'फवारा' हे नाम चालेल, त्याला औषधाचा वास नाही. हास्याचे फवारे आपण म्हणतोच.

सह्याद्री_माहेर
त्या अंगठ्यातून निघते तिला मराठीत शब्द आहे: चिळकांडी! आमच्या आजीच्या गोठ्यात धार काढताना पहिली चिळकांडी मांजराच्या तोंडात मारायची पद्धत होती. बारीक, जोरकस आणि नेम धरून. 'वेरस्टापेनने नॉरिसवर शॅम्पेनची चिळकांडी मारली' वाचून बघा.

लोअरपरळ_डेस्क
वा! शब्द लाख आहे. भीती एकच, आमच्या पानांवर चिळकांडी फक्त रक्ताची उडते आणि तीही गुन्हे पानावर. संपादक विचारतील, अपघात झाला का?

सह्याद्री_माहेर
अहो, तो दोष शब्दाचा नाही, तुमच्या गुन्हे पानाचा. वापरलाच नाहीत तर तो तिथेच पडून राहील.

देवरुख_टू_दादर
'शिंपडणे' नको हे मान्य, पण 'शिंपणे'ला त्याच्याबरोबर हाकलू नका. ड गेला की पाणी वाढतं. अंगणात सडा शिंपतात तो बादलीने. आमच्या संगमेश्वरकडे शिमग्यानंतर 'शिंपणे' नावाचा रंगाचा उत्सवच असतो, माणूस ओळखू येत नाही इतका लाल होतो. 'एकमेकांना शॅम्पेनने शिंपलं' हे आमच्याकडे कोणालाही कळेल. मुंबईच्या वाचकाला मुद्रणदोष वाटेल, हा भाग वेगळा.

कॅथॉलिकजिमखाना_शेजारी
'वर्षाव' वर्तमानपत्रात रुळलाय त्याला माझ्या मते लॉर्ड्सची बाल्कनी कारण आहे. १९८३ चा कपिल, हातात बाटली, खाली गर्दी. तिथून खाली पडलं तर 'वर्षाव' शोभतो, कारण वर्षाव वरून होतो. पोडियमवर तिघं शेजारी-शेजारी उभे असतात, धार समोरून किंवा बाजूने येते. खाली उभ्या मेकॅनिक लोकांवर उडवली तर मात्र 'वर्षाव' लिहा, हरकत नाही.

माझगाव_अंजीरवाडी
आणि ज्याला खेळायचंच नाही त्याच्या तोंडावर मारली तर? २०१५ च्या चायनीज ग्रां प्रीनंतर हॅमिल्टनने पोडियमजवळ उभ्या असलेल्या यजमान मुलीच्या चेहऱ्यावर थेट धार धरली. ती बिचारी तशीच उभी होती. टीका झाली आणि व्हायलाच हवी होती. तिथे 'जल्लोष' वगैरे लिहू नये. 'तोंडावर मारली' एवढंच लिहावं.

लोअरपरळ_डेस्क
मान्य. आता 'अभिषेक'चं काय? छाटला तो बरोबर ना? मद्य म्हणून नव्हे, मला अर्थच पटला नव्हता.

पिटलेन_कट्टा
शॅम्पेनला नको, पण जपून ठेवा. इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या मोटारशर्यतीच्या विजेत्याला दुधाची बाटली देतात. तो दोन घोट पितो आणि बाकीचं बहुतेकदा डोक्यावर ओततो. हा शब्दशः दुग्धाभिषेक! सुरुवात लुई मायरची. १९३६ साली जिंकल्यावर तो बाटलीतून पिताना फोटो छापून आला. बाटलीत होतं ताक. उकाड्यात ताक प्यावं असं आईने शिकवलं होतं म्हणे. दुग्धव्यवसायवाल्यांनी त्या फोटोचं सोनं केलं, फक्त ताकाचं दूध झालं. १९९३ ला एमर्सन फिटिपाल्डीने आधी संत्र्याचा रस प्यायला, कारण त्याच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागा होत्या. प्रेक्षक नाराज झाले.

केमिस्ट्री_दादर
जिंकल्यावर ताक! आपण खवय्यांनी अमेरिकेला उगाच नावं ठेवली.

चर्नीरोड_पूर्व
आखाती शर्यतींचं विसरलात. बहारीनच्या पोडियमवर मद्य नसतं, गुलाबपाण्याचं फसफसणारं पेय असतं. आता गुलाबपाणी म्हटलं की आपल्या कार्यालयातली गुलाबदाणी आठवते आणि तिथे क्रियापद 'शिंपडणे'च. म्हणजे डेस्कसाहेबांनी पहिल्या फेरीत बाद केलेला शब्द बहारीनमध्ये परत आला.

रच्याकने, आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला, ती साखीरला, म्हणजे बहारीनमध्येच. आडनाव दारूवाला आणि पहिला विजय नेमका तिथे!

शुद्धलेखन_चिकट
शिंपडणे परत आलेला नाही. द्रव बदलला म्हणून कृती बदलत नाही. तीन लिटर गुलाबपाणी अंगठा दाबून मारलं तरी ते उडवणंच. गुलाबदाणीवाला असं करायला लागला तर वधूपिता त्याला कार्यालयाबाहेर काढेल.

पिटलेन_कट्टा
'शॅम्पेन' या नामाकडे कोणी बघितलंच नाही. फ्रान्सच्या त्या प्रांतात, त्यांच्या नियमांनी केलेलीच शॅम्पेन. २०२१ ते २०२४ फॉर्म्युला वनच्या पोडियमवर फेरारी त्रेन्तो होती, उत्तर इटलीतली स्पार्कलिंग वाइन. (लाल गाड्यांच्या फेरारीशी तिचा संबंध नाही, नुसतं आडनाव एक.) त्या चार वर्षांत ज्यांनी 'शॅम्पेन' छापलं त्यांनी चुकीचं छापलं. २०२५ पासून मोएत परत आली, म्हणजे शब्द पुन्हा खरा झाला.

आपल्याकडेही तेच. नारायणगावच्या ओमर खय्याम या वाइनला ऐंशीच्या दशकात लोक कौतुकाने 'आपली शॅम्पेन' म्हणायचे, आता दिंडोरीच्या शाँदाँला म्हणतात. दोन्ही स्पार्कलिंगच.

देवरुख_टू_दादर
बोलताना झेरॉक्स कोणत्या कंपनीची ते कोण बघतं? तशीच शॅम्पेन. बातमीत मात्र पिटलेनचं बरोबर. आणि उगाच 'फेनिल द्राक्षासव' वगैरे काढू नका, हात जोडतो.

शुद्धलेखन_चिकट
'पोडियम'चं राहिलं. मुळात ग्रीक 'पाऊल'वरून आलेला शब्द, आपल्या 'पाद'चा चुलतभाऊ. म्हणून 'पादपीठ' सुचवणार होतो, पण मराठीत त्याच्यावर पाय ठेवून बसतात, चषक घेत नाहीत. 'व्यासपीठ' म्हटलं की भाषण आलं. 'विजयमंच' चालेल, पण 'त्याचा कारकिर्दीतला पहिला पोडियम' याचं काय करणार? तिथे पोडियम म्हणजे लाकडी चौथरा नाहीच, पहिल्या तिघांत येणं आहे. पोडियम राहू द्या.

लोअरपरळ_डेस्क
ठरलं. फोटोओळीत 'एकमेकांच्या अंगावर शॅम्पेन उडवताना', नुसतं 'उडवली' कधीच नाही. मथळ्यात जागा नसेल तर 'शॅम्पेनचे फवारे'. मोठ्या लेखात चिळकांडी एकदा घालून बघणार, संपादकांनी काढली तर कळवतो. जुन्या फोटोंच्या संग्रहातून २०२१ ते २०२४ च्या ओळी दुरुस्त करायला घेतो. एक शंका उरली: रिकार्डो २०१६ च्या जर्मन ग्रां प्रीनंतर स्वतःच्या बुटात पोडियमवरची वाइन ओतून प्यायला, ती 'शूई'. त्याला काय म्हणायचं?

माझगाव_अंजीरवाडी
'बुटातून प्यायला.' याला वेगळा शब्द काढलात तर लोक करायला लागतील.