विष्ठेतील केसांवरून बिबट्याचा आहार कसा ठरतो

वर एका सदस्यांनी लिहिले आहे की, बिबट्याच्या विष्ठेत ज्या प्राण्याचे केस अधिक वेळा आढळतात, तोच त्याचा मुख्य आहार. केसांवरून भक्ष्य ओळखता येते हे खरेच, पण पुढचे अनुमान घाईचे आहे. विद्यापीठातील आमच्या प्रयोगशाळेत विष्ठा बारीक चाळणीत वाहत्या पाण्याखाली धुऊन वाळवतात, त्यातून वीसेक केस निवडतात आणि केसाच्या आतील गाभ्याची रचना व पृष्ठभागावरील खवल्यांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली ज्ञात प्राण्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. शेळी आणि लहान हरिण यांत फरक करताना नवख्या विद्यार्थ्याचे डोळे दुखून येतात.

मात्र लहान प्राण्यात मांसाच्या मानाने केस आणि हाडे अधिक असल्यामुळे त्याच वजनाच्या मांसामागे विष्ठा जास्त पडते आणि नुसत्या मोजणीत त्याचे महत्त्व फुगते. म्हणून १९८४ मध्ये प्यूमा या अमेरिका खंडातील मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्यावरील अभ्यासातून मांडलेले समीकरण वापरून खाल्लेल्या मांसाचे वजन काढण्याची पद्धत रूढ झाली. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दृष्टीने वाचावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते : तेथे शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा केवळ ११ टक्के निघाला. अर्थात, तो प्राणी बिबट्याने मारला की मेलेला खाल्ला, हे केस सांगत नाहीत.