फंक्शनमधला व्हेरिएबल बाहेर कसा काय दिसतोय?

निपाणीकर: कुंदा मिठाईच्या दुकानाचं बिलिंग पेज जावास्क्रिप्टमध्ये करायलोय, फंक्शनमध्ये नुसतं टोटल = 0 लिहिलो आणि दुसऱ्या फाइलमधल्या टोटलचीपण वाट लागली की, फाइली वेगळ्या असून असं कसं?

खानापूरचा: टोटलच्या आधी लेट, म्हणजे व्हेरिएबल डिक्लेअर करायचा शब्द, घालायचं राहिलं बघ. डिक्लेअर न करता किंमत दिलास की तो ग्लोबल, म्हणजे सगळीकडं दिसणारा होतोय, ब्राउझरमध्ये विंडो नावाच्या मुख्य ऑब्जेक्टला जाऊन चिकटतोय, आणि साध्या स्क्रिप्ट कितीपण असू देत ग्लोबल सगळ्यांचा एकच, गावच्या एसटी स्टँडसारखा. वर यूज स्ट्रिक्ट ही कडक नियमांची ओळ टाक, ते नाव कुठंच डिक्लेअर नसलं तर लगेच रेफरन्स एरर येतंय.

शहापूर गल्ली: आणि फंक्शनच्या बाहेर व्हारने (डिक्लेअर करायचा जुना शब्द) नेम असलं नाव ठेवू नको रे, विंडोचं नेम आधीच असतंय, मी 25 घातलो तर स्ट्रिंग होऊन बसलं, आख्खा रविवार गेला.

निपाणीकर: लेट घातलो, चाललं की!