विकणार नाही ते घड्याळ: परवाच्या बैठकीतले अनुभव

परवा आपण घड्याळं जमवणारे जमलो तेव्हा नियम दोनच होते. काही झालं तरी विकणार नाही असं एकच घड्याळ आणायचं, आणि किंमत सांगायची नाही. दुसरा नियम दहा मिनिटांत मोडेल अशी माझी खात्री होती, पण सगळ्यांनी पाळला. टेबलावर मऊ कापड, एक भिंग, आणि अंगठ्या काढून ठेवायला वाटी. वाटीची अक्कल मागच्या वेळी एका काचेवर ओरखडा उठल्यावर आली. जे तोंडी सांगितलंत ते इथे लिहा, म्हणजे न आलेल्यांनाही वाचता येईल. सुरुवात मी करतो.

माझं सायको ५, आत ७एस२६ मशीन. पहिलं ऑटोमॅटिक. घेतल्यावर रोज सकाळी इमानेइतबारे चावी द्यायचो, वीस-पंचवीस फेरे. तरी रात्रीत बंद. आठवडाभराने वैतागून घड्याळजींकडे नेलं. त्यांनी ते आडवं धरून चार-पाच वेळा झुलवलं, सेकंदकाटा चालू लागला, तसंच माझ्या हातात परत दिलं. या मशीनला हाताने चावी बसतच नाही. मनगट हललं की आतला रोटर, म्हणजे फिरतं वजन, फिरतो आणि तोच स्प्रिंग गुंडाळतो. मी आठवडाभर नुसताच खुंटा पिळत होतो, आणि सुट्टीवर असल्यामुळे घड्याळ दिवसभर टेबलावर!

*

माझा किस्सा उलटा, म्हणजे घड्याळ पळायचं. तासाला दोन-तीन मिनिटं पुढे. बिघडलं म्हणून पूर्ण खोलून साफसफाई करायला निघालो होतो. एका मित्राने आधी होकायंत्र जवळ धरायला सांगितलं. सुई वळली. मी रोज रात्री ते स्पीकरवर ठेवत होतो! चुंबकत्व लागलं की हेअरस्प्रिंगची, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि ठोके देणारं बॅलन्स व्हील हे चाक भराभर हेलकावे घेतं. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांत काम झालं. घड्याळ अचानक पुढे जायला लागलं तर खोलण्याआधी एवढं बघाच.

*

मी वडिलांचं जनता आणलं होतं. एचएमटीचं, १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे आतले खडे), रोज चावी द्यायचं. भिंगाखाली सगळ्यांनी पाहिलंत, पण खरं काय ते तेव्हा नीट सांगता आलं नाही.

तबकडीवर चारच्या आकड्यापाशी पिवळट डाग होता. दुरुस्तीला दिलं तेव्हा "डायल नवी करून देतो" असं ऐकलं आणि मी हो म्हणाले. ही चूक माझीच. घड्याळ परत आलं ते चकचकीत. घरी आणून हातात बांधलं आणि वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. अक्षरं जाड झाली होती, मिनिटांच्या रेघा बाराच्या खुणेशी नीट जुळत नव्हत्या, आणि सहाच्या खाली एका रेघेवर शाई पसरली होती. मूळ छपाईच्या कडा भिंगातूनही धारदार दिसतात, रंगवलेल्या डायलच्या फुगलेल्या. आता कुणाचंही जुनं घड्याळ मी आधी तिथेच बघते.

मशीन मात्र तेच आहे. सेकंदाला पाच ठोके. लहानपणी वडिलांच्या हातावर डोकं ठेवून झोपायचे तेव्हा ऐकलेले.

*

ताई, डाग असू द्यावा याचा पुरावा माझ्याकडे आहे. आजोबांचं घड्याळ, आकड्यांवर आणि काट्यांवर रेडियमचा लेप, अंधारात चमकणारा पण किरणोत्सर्गी. कितीतरी वर्षं ते कपाटात बंद पडून होतं. उघडलं तर तबकडीवर काट्यांच्या आकाराची तपकिरी सावली. काट्यांवरच्या रेडियमने खालचा रंग भाजला होता. सव्वाचार वाजता थांबलेलं, हे सावलीवरून कळतं. मी काटे हलवलेच नाहीत.

दिवे घालवल्यावर ते चमकत का नाही, असं विचारलंत. उजेड देणारं रसायन संपलं, रेडियम आहे तसंच आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं, त्यामुळे आपण कुणीच वाट बघू नये. म्हणून कळकळीने सांगतो, असं घड्याळ घरी खोलू नका, लेप खरवडू नका. ती धूळ श्वासात गेली तर वाईट.

*

व्होस्टॉक अँफिबिया माझं, पाणबुड्यांसाठीचं रशियन घड्याळ. चावी बाहेर काढली की लटपटते, टेबलावर तिघांनी "मोडलंय" म्हटलं. मोडलेलं नाही, ते तसंच असतं. १९६७ पासून. मागचं झाकण तर मला फार आवडतं: पाण्याचा दाब जितका वाढेल तितकं ते रबरावर घट्ट बसतं. मी पोहत नाही, हा भाग वेगळा.

*

काकांनी अ‍ॅक्युट्रॉन कानाला लावायला दिलं ते राहिलं का लिहायचं? टिकटिक नाहीच, डास अडकल्यासारखी एकसुरी गुणगुण. १९६० सालचं तंत्र, सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क. माझ्यापाशी आल्यावर मी परत द्यायला जरा उशीर लावला, माफी असावी.

*

माझा अनुभव एका ओळीचा. रात्री अकराला तारीख बदलायला गेलो आणि तारखेचा दाता तुटला. रात्री नऊ ते पहाटे तीनमध्ये तारखेला हात लावू नका. आधी काटे खाली सहाकडे आणा, मग तारीख.

*

मी कसली संग्राहक? भावाला सोडायला आले आणि बसवून घेतलंत. हातात कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून जसंच्या तसं निघतंय, वजन २१ ग्रॅम. सात वर्षांत एकदा सेल बदलला. भिंग त्याच्यावर कुणी धरलं नाही.

पण निघताना कुणीतरी "किती वाजले" विचारलं. नऊ घड्याळं होती, त्यातलं एक सव्वाचारला थांबलेलं. उरलेल्या आठांत सहा वेगवेगळ्या वेळा निघाल्या. मग सगळे काका-दादा चाव्या ओढून माझ्याकडे बघत बसले. मी सेकंद मोजून "आता" म्हटलं आणि एकदम खटाखट चाव्या आत गेल्या.

पुढच्या वेळी मलाही दोन मिनिटं बोलायला द्या. आणि भिंगं दोन आणा, एकासाठी फार ताटकळावं लागतं.