‘डिटेनी’ला कैदी म्हणावं का? ग्वांतानामोतल्या उझबेकांच्या निमित्ताने

प्रश्न : क्युबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात ठेवलेल्या उझबेक माणसांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. इंग्रजी ‘डिटेनी’ला ‘कैदी’ चालेल का? आणि शेवटी त्यांना परदेशात पाठवलं, त्याला ‘सुटका’ म्हणू की ‘पुनर्वसन’?

उत्तर : ताई, ‘कैदी’ नको. कैदी म्हटलं की वाचक शिक्षा भोगणारा माणूस डोळ्यांसमोर आणतो, म्हणून तर खटला चालू असलेल्याला आपण ‘कच्चा कैदी’ म्हणतो. या उझबेकांवर खटलाच भरला नव्हता. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : स्थानबद्ध. आणीबाणीत मिसाखाली डांबलेल्यांना हाच शब्द लावत, आणि आजही प्रतिबंधक कायद्याखाली निघतो तो स्थानबद्धतेचाच आदेश.

‘युद्धकैदी’ही टाळा. युद्धकैद्याला १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने हक्क दिलेत. बुश सरकारने फेब्रुवारी २००२मध्ये नेमका तोच दर्जा नाकारला आणि ‘एनिमी कॉम्बॅटंट’ हा शिक्का मारला. ‘शत्रूयोद्धा’ लिहा, पण अवतरणात, म्हणजे ते सरकारचं म्हणणं आहे हे कळेल.

खरी जपायची जागा पुढे आहे. २००४-०५मध्ये लष्करी मंडळांनी ३८ जणांबद्दल निर्णय दिला : ‘आता शत्रूयोद्धा राहिलेला नाही’. त्यातला एक उझबेक होता. त्या ‘आता’मुळे तो आधी शत्रू होताच असं ठरून जातं, चुकून धरल्याची कबुली त्यात कुठेच नाही. तुम्ही ‘निर्दोष ठरला’ लिहिलंत, तर सरकारने जे कधी मान्य केलं नाही ते मान्य केल्याचं श्रेय सरकारला फुकट मिळेल. ‘आता’ काढू नका.

पुन्हा प्रश्न : पटलं. आणि ‘सुटका’ म्हटलं तर काय बिघडलं? दार तर उघडलं ना?

उत्तर : दार उघडलं, पण घरचा रस्ता बंदच होता. एकाचीच हकिकत बघा, त्याच्या वकिलाने २००८मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितलेली. हा उझबेक निर्वासित उत्तर अफगाणिस्तानात राहत होता, बायको गरोदर होती. २००१च्या अखेरीस तालिबानविरोधी नॉर्दर्न अलायन्सच्या सैनिकांनी गाडीतून सोडतो म्हटलं म्हणून तो बसला, आणि त्यांनी त्याला अफगाणिस्तानातल्याच बगराम तळावर अमेरिकी सैन्याच्या हवाली केलं. सोडायला हरकत नाही, असं २००७मध्ये ठरलं. तरी ग्वांतानामोतून निघायला सप्टेंबर २००९ उजाडलं.

मधला काळ गेला तो देश शोधण्यात. उझबेकिस्तानात कोठडीतला छळ पद्धतशीर आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने २००२च्या भेटीनंतर नोंदवलं होतं. मे २००५मध्ये अंदिजानला सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. अशा ठिकाणी माणूस परत पाठवणं छळविरोधी करारात बसत नाही. अखेर आयर्लंडने त्याच्यासह दोघा उझबेकांना घेतलं. अल्बानियाने २००६मध्येच एकाला घेतलं होतं. २०१०मध्ये स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा परगण्याने एकाला आणि लॅटव्हियाने एकाला जागा दिली.

तिसऱ्या वाचकाचं मत : ‘पुनर्वसन’ म्हटलं की मला कोयनेचे धरणग्रस्त आठवतात. तो शब्द इथे बसतो का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. धरणग्रस्तांचं पुनर्वसन हे ज्याने उठवलं त्याच सरकारचं देणं असतं, आणि ते थकलं तर लोक मोर्चा काढून मागतात. इथे ज्याने डांबलं त्या अमेरिकेने ग्वांतानामोतल्या एकालाही स्वतःच्या भूमीवर वसवलं नाही. ते देणं छोट्या देशांनी उचललं. मला हे फार लागतं. म्हणून नुसतं ‘पुनर्वसन’ नको, दर वेळी ‘तिसऱ्या देशात पुनर्वसन’ लिहा, आणि देशाचं नाव जवळच येऊ द्या. ‘मायदेशी पाठवणी’ तर मुळीच नको. जे टाळायचं होतं ते तेच. ‘आश्रय दिला’ हेही जपून, कारण राजाश्रय मागणाऱ्याची कायदेशीर वाट वेगळी असते, तो स्वतः दार ठोठावतो. इथे दोन सरकारांनी आपसात ठरवून माणूस नेला. ‘आयर्लंडने दोन स्थानबद्ध उझबेकांना आपल्याकडे वसवून घेतलं’ असं सरळ लिहिलंत तरी पुरे.